वालूरच्या कापसाची दोन टेकाडं

आकडेमोड करणारा माणूस भित्रा असलाच पाहिजे असा काही नियम नाही, पण बसवंतराव भित्रे होते. साहेबाच्या खोलीत जायचं म्हटलं की त्यांचा हात आधी गळ्यातल्या इष्टलिंगाकडे जाई, मग टोपीकडे, आणि मग कुठे दाराकडे. परभणीच्या रस्त्यावर पोलिसांचा अमीन घोड्यावरून समोर आला तर हे गल्लीत वळत; काही केलेलं नसताना वळत. त्यांची बायको महानंदा म्हणायची, यांना कुणी हात जोडले तरी हे आधी मागे सरकतील. असा हा माणूस परभणीजवळच्या एका सरकारी कापूस-फार्मावर नोकरीला होता, आणि नोकरी अजून कच्चीच होती.

काम मात्र पक्कं होतं. फार्माने त्यांना कलकत्त्याला संख्याशास्त्र शिकायला धाडलं होतं. तिथून ते दोन नव्या विद्या घेऊन आले. पहिली विद्या सरमिसळ ओळखण्याची. विलायतेतल्या एका पंडिताने ढीगभर खेकड्यांची मापं घेऊन कागदावर मांडली, तर एका सरळ टेकाडाऐवजी एक बेढब आकार निघाला. त्याने गणिताने तो आकार फोडला आणि त्यातून दोन टेकाडं वेगळी काढून दाखवली. म्हणजे वरून एकच दिसणाऱ्या ढिगात दोन जाती मिसळलेल्या असतील तर त्या किती प्रमाणात आहेत, हे ढीग न निवडता सांगता येऊ लागलं. परभणीत खेकडे कोण मोजतो? बसवंतरावांनी कापूस मोजला.

कापसात सरमिसळ ओळखणं ही त्या मुलखात साधी गोष्ट नव्हती. तिकडे विलायतेत लढाई नुकतीच पेटली होती, आणि इकडे निजाम सरकारने या पट्ट्यात गावरान कापसाशिवाय दुसरं काही लावायला बंदी केलेली होती. गावरानाचा धागा लांब, त्याचं नाव मोठं. त्यात आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस कुणी मिसळला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मुळापासून उपटायची, जाळायची, आणि मालकाला चावडीत बसवायचं, असा दस्तूर. वालूरचा चंद्रभान तर फार्मासाठीच कापूस पिकवणारा. त्याच्या शेतातली सरकी पुढच्या साली साऱ्या तालुक्यात पेरायला जायची. त्याच्या कापसात भेसळ म्हणजे आडात विष कालवल्यासारखंच.

पहिल्या वेचणीचा नमुना आणायला फार्माचे साहेब दिनकरराव स्वतः वालूरला जाऊन आले. नमुना कस्तुराबाईकडे गेला. फार्मावर ती फणीचं काम करायची. एकेक सरकी घ्यायची, तिच्या भोवतीचे धागे बारीक फणीने विंचरून गोल पसरायचे आणि पट्टीवर लांबी मोजायची. मापं बसवंतरावांच्या टेबलावर आली. त्यांनी ती कागदावर मांडली. कागदावर दोन टेकाडं उभी होती. एक लांब धाग्याचं, एक आखूड धाग्याचं. गणिताने फोडून पाहिलं तर पाचातले दोन वाटे कापूस आखूड निघाला.

दिनकररावांना केवढा आनंद झाला. भेसळ सापडल्याचा नव्हे, तर ती अशी कागदावर सापडल्याचा. हैदराबादला कळवायला हवं, म्हणाले. डोळ्यांना जी भेसळ दिसत नाही ती आपल्या फार्माने गणिताने धरली. त्यांनी बसवंतरावांच्या पाठीवर थाप मारली आणि तिथल्या तिथे अहवाल लिहवून घेतला. बसवंतरावांच्या मनात एक बारीकसं कुसळ टोचत होतं. एकदा शेत पाहून यावं का? पण एवढ्या खुशीतल्या साहेबाला मध्येच अडवायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. त्यांनी सही केली.

पुढची बातमी आली ती पोलिसांकडून. चंद्रभानला धरून वालूरजवळच्या सेलूच्या चावडीत ठेवलं होतं. तहसीलदार स्वतः वालूरला जाऊन पुढच्या आठवड्यात त्याची पऱ्हाटी उपटवणार होते, आणि गावाच्या साऱ्या कापसाला गाडीबंदी झाली होती. आजवर बसवंतरावांची गणितं कागदावरच जगत आली होती. हे पहिलं गणित उठून चालत वालूरला गेलं आणि एका माणसाच्या मुसक्या आवळून आलं.

आणि मग ती बाई आली.

फार्माच्या फाटकापाशी लिंबाचं झाड होतं. एके सकाळी बसवंतराव कामावर येत होते तर त्या झाडाखाली इरकली लुगडं नेसलेली एक बाई बसलेली. शेजारी भाकरीचं गाठोडं. पहारेकऱ्याने सांगितलं, वालूरच्या चंद्रभानची बायको, चतुराबाई. हिशेबवाल्या साहेबाला भेटायचं म्हणते. ती काय बोलेल ते बसवंतरावांना उभ्या जागी ऐकू येऊ लागलं. माझा संसार उपटलास, तुझाही असाच उपटेल. बाईमाणसाचा तळतळाट. महानंदाला सातवा महिना चालू होता, आणि या माणसाला घरात पाल चुकचुकली तरी रात्रभर झोप लागत नव्हती.

त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं, साहेब दौऱ्यावर गेलेत म्हण. आणि त्या दिवसापासून फाटकाची वाट सोडून ते मागच्या बाभळीच्या कुंपणातून आत येऊ लागले. धोतर फाटलं, पिंढरीला काटे ओरबाडले, एकदा तर कुंपणातल्या कुत्र्याने पाठ धरली. सरकारी खात्यात कलकत्त्याला शिकून आलेला माणूस चोरासारखा कुंपणातून रांगतोय, हे कुणी पाहिलं असतं तर फार्मावर वर्षभर हसायला पुरलं असतं. बाई मात्र हलत नव्हती. भावाच्या घरी रात्र काढायची आणि सकाळी पुन्हा लिंबाखाली. खिडकीतून तिचा पदर दिसायचा. बसवंतरावांनी खिडकी लावून घेतली, तरी पदर दिसतच राहिला.

भीती घालवायला माणसं मारुतीला जातात, मांत्रिकाला गाठतात. बसवंतरावांनी दुसरी विद्या बाहेर काढली. आपलं गणित खरं आहे हे आणखी एका वाटेने सिद्ध झालं की जीव खाली पडेल, असं त्यांना वाटलं. दोषी माणसाच्या बायकोला कोण भितो?

ही दुसरी विद्या अमेरिकेतून आलेली, पुरती नवी. एका वस्तूची एकच गोष्ट न मोजता पाच-सहा गोष्टी मोजायच्या आणि त्या एकमेकींबरोबर कशा हलतात ते पाहायचं. त्यातून जी मुख्य दिशा निघते, जिच्यावर सगळ्यात जास्त फरक पडतो, ती शोधायची. बसवंतराव कस्तुराबाईला समजावून सांगताना म्हणायचे, समज मेंढ्यांच्या कळपात कुणी शेळ्या मिसळल्या. तर नुसते कान निराळे दिसतील का? कान बदलले की शेपूट बदलेल, केस बदलतील, आवाज बदलेल, चालसुद्धा बदलेल. सगळं एकदम बदललं तर समजायचं की जात दुसरी आहे. कस्तुराबाई म्हणायची, एवढं तर कळतंय की. मग त्याला कलकत्त्याला कामून जावं लागलं?

वऱ्हाडी कापूस गावरानात मिसळला असता तर लांबीबरोबर सगळंच हलायला हवं होतं. सरकीचं वजन, सरकीमागे निघणाऱ्या रुईचा उतारा, धाग्याची जाडी, सरकीवरच्या लवेचा रंग. ही मापं फार्मावर रिवाज म्हणून घेऊन ठेवलेली होती. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. बसवंतराव दार लावून हाताने फिरवायच्या आकडेमोडीच्या यंत्रापुढे बसले. यंत्राचा दांडा खडखड फिरत राहिला. गुणाकार, बेरजा, पुन्हा गुणाकार. बाहेर कुणाच्या पावलांचा आवाज झाला की हात थांबायचा, पावलं पुढे गेली की दांडा पुन्हा फिरायचा.

जसजसा हिशेब पुढे सरकला तसतसा दांडा हळू फिरू लागला. मुख्य दिशेवर सरकी होती, उतारा होता, जाडी होती, लव होती. आखूड टेकाडातल्या सरक्या आणि लांब टेकाडातल्या सरक्या त्या दिशेवर एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. त्यांच्यात दुजाभाव म्हणून नव्हता. लांबी तेवढी एकटीच, सगळ्यांशी फटकून, भलतीकडे तोंड करून उभी होती. त्यांनी हिशेब दुसऱ्यांदा केला. चूक सापडू दे म्हणून देवाची करुणा भाकत केला, आणि चूक सापडली नाही.

कळपात शेळ्या नव्हत्याच. सगळ्या मेंढ्याच होत्या. कुणीतरी त्यांचे कान तेवढे कापले होते.

चंद्रभानच्या शेतात एकच कापूस होता, तो गावरान होता, आणि तो उपटायचा हुकूम बसवंतरावांच्या सहीवर निघाला होता. आता त्यांना बाईची भीती वाटेना. आता स्वतःच्या हाताची वाटू लागली.

ते दिनकररावांच्या खोलीत गेले. लिंगाला हात, टोपीला हात, दाराला हात. दिनकरराव शांतपणे ऐकत होते, आणि त्यांचं ते शांत असणंच वाईट होतं. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"मग धागा आखूड कशाने झाला?"

बसवंतरावांना ते माहीत नव्हतं. गणिताने एवढंच सांगितलं होतं की धाग्याला काहीतरी झालं आहे. काय झालं, ते सांगणं गणिताचं काम नव्हतं.

"हैदराबादला अहवाल गेला. तहसीलदारांचा हुकूम निघाला. आता मी त्यांना काय लिहू? धागा आपोआप तुटला म्हणून?" दिनकररावांनी पानाचा डबा उघडला. "बसवंतराव, ती बाई रोज फाटकावर बसते. तुमची नि तिची भेट झाली का? खरं सांगा. नोकरी अजून कच्ची आहे तुमची."

न भेटलेल्या बाईशी संगनमत केल्याचा वहीम. न घेतलेल्या लाचेचा डाग. बसवंतराव "न्हाई जी" एवढंच म्हणू शकले आणि बाहेर पडले. चंद्रभानचं पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या ओठावर होता. तो त्यांनी तसाच गिळला. याबद्दल त्यांना कुणी भेकड म्हणालं असतं तर त्यांनी मान खाली घातली असती.

डोकं इतकं बधिर झालं होतं की पाय कुठे चाललेत याचं भान नव्हतं. कुंपणाची वाट विसरून ते सरळ फाटकातून बाहेर पडले. समोर लिंब होता. चतुराबाई उठून उभी राहिली.

पळायला वाट नव्हती. बसवंतरावांनी डोळे मिटून घेतले आणि शिव्याशापांची वाट पाहिली.

"साहेब," बाई म्हणाली. तिचा आवाज खालचा होता. "आमचा कापूस आमाला माघारी भेटंल का?"

त्यांनी डोळे उघडले. त्यांना काही समजलं नाही.

"तुमच्याकडं नमुन्याला आलाय त्यो. समदा न्हाई भेटला तर वाती करण्यापुरता तरी द्या. सीतादईचा कापूस हाय त्यो, घराभाईर ऱ्हाऊ नये. घरातून गेला म्हून तर हे समदं वंगाळ व्हायलंय, असं सासूबाई म्हनायल्यात."

बसवंतराव पूर्ण्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. कापूस त्यांनी दुकानात पाहिला, गाडीत पाहिला, पट्टीवर पाहिला. शेतातली रीतभात त्यांना ठाऊक नव्हती. सीतादई म्हणजे काय, त्यांनी विचारलं. बाई चकित झाली. एवढा शिकलेला माणूस आणि एवढं माहीत नाही? मग तिने सांगितलं. वेचणीला हात घालायच्या आधी शेताच्या कोपऱ्यात पाच दगड मांडायचे, चुना लावायचा, हळदकुंकू वाहायचं. दहीभाताचा निवद दाखवायचा आणि दह्यात दूध कालवून ते कोपऱ्यातल्या पऱ्हाटीवर, फुटल्या बोंडांवर, सगळीकडे शिंपडायचं. तिथला कापूस पहिल्यांदा वेचायचा. त्याच्या वाती देवापुढे लागतात, उरलेला कापूस देव्हाऱ्यात राहतो, आणि पीक घरात येईस्तोवर तो बाहेर जात नाही.

"मग फार्माला कामून दिला?"

"तुमचे मोठे साहेब आल्ते न्हवं का. आमच्याकडं लिंबाखाली खाट टाकली, ते बसले. मालकाला म्हनले, जा, चांगला कापूस घिऊन ये. आता सरकारला द्याचा तर चांगला म्हंजी कोन्ता?"

बसवंतराव धावले. आयुष्यात पहिल्यांदाच ते फार्माच्या फाटकातून धावत आत गेले, आणि पहारेकरी बघतच राहिला. कोठीत नमुन्याची पिशवी होती. त्यांनी आत तोंड घातलं. कोरडा, जुना, आंबूस वास. बोंडं हाताला कडक लागत होती. धागे एकमेकांना चिकटून वाळलेले. कस्तुराबाई म्हणाली, काही काही चिकट होतीच की, फणी ओढूनच विंचरावी लागली. दव खाल्लेला कापूस असतो कधीमधी, म्हणून मी काही बोलले नाही. ओढूनच. म्हणजे धागा आखूड नव्हताच, दह्याने चिकटलेला तो फणीत तुटत होता.

त्यांनी त्यातली थोडी कडक बोंडं कोमट पाण्यात भिजवायला सांगितली, धुवायला सांगितली. उन्हात सुपात वाळत घातली. वाळेपर्यंत ते सुपाभोवती घिरट्या घालत होते. न जाणो, धुऊनही धागा आखूडच निघाला तर? कस्तुराबाईने वाळलेली पहिली सरकी घेतली, अलगद विंचरली, पट्टीवर धरली. मग दुसरी. मग तिने फणी खाली ठेवली आणि बसवंतरावांकडे पाहिलं. धागा चांगला लांब होता, गावरानाचा जसा असावा तसा.

दिनकररावांकडे जायचं का? या प्रश्नापाशी बसवंतराव बराच वेळ अडखळले. चूक आता नुसती गणिताच्या अर्थाची उरली नव्हती. लिंबाखाली खाटेवर बसून नमुना मागवणाऱ्याचीही होती. ती त्यांच्या तोंडावर सांगायची तर पुन्हा पानाचा डबा उघडणार, पुन्हा कच्च्या नोकरीची आठवण निघणार, आणि आपण पुन्हा "न्हाई जी" म्हणून बाहेर येणार. बसवंतराव स्वतःला नीट ओळखून होते. म्हणून ते साहेबाच्या खोलीकडे फिरकलेच नाहीत. रजेचा अर्जही दिला नाही. फणी, पट्टी आणि दोन्ही तऱ्हेचा कापूस पिशवीत घालून ते चतुराबाईबरोबर स्टेशनावर गेले. हे धाडस होतं की भित्रेपणाचाच एक प्रकार, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

सेलूला उतरल्यावर कळलं की तहसीलदारांनी दिवस अलीकडे घेतला आहे. ते सकाळीच वालूरला गेले होते. बैलगाडी मिळाली, पण बैल काही घोडे नव्हते. चतुराबाई गाडीत पुढे वाकून बसली होती. बसवंतराव मनाशी घोकत होते. हुकूम झालेला असताना तो थांबवायला निघालेला मी कोण? अमीन काय म्हणेल? मलाच खोटी साक्ष देतो म्हणून धरलं तर महानंदाकडे कोण बघेल? गाडीवानाला मागे फिर म्हणावं, असं त्यांना कितीदा तरी वाटलं. चतुराबाई समोर बसलेली होती म्हणून ते म्हणाले नाहीत.

शेत लांबूनच दिसलं. अर्धं पांढरं होतं आणि अर्धं काळं.

उपटायला लावलेली माणसं रांगेने वाकून चालली होती. मागे पऱ्हाटीचे ढीग पडत होते. बांधावर खुर्ची टाकून तहसीलदार बसले होते, शेजारी अमीन उभा, आणि अमीनच्या पलीकडे चंद्रभान. त्याच्या हातात बेड्या नव्हत्या. पाहायला आणलेल्या माणसाला बेड्या लागत नाहीत. तो आपल्या शेताकडे पाहत नव्हता, पायाखालच्या ढेकळाकडे पाहत होता.

बसवंतराव तहसीलदारांपुढे गेले आणि वाटेत जुळवलेली सगळी उर्दू विसरले. हात लिंगाकडे गेला, टोपीकडे गेला, पुढे धरायला दारही नव्हतं. तहसीलदार वयस्क, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, कौन हो.

"हिसाब मेरा है, साहब," बसवंतराव म्हणाले.

"कौन सा हिसाब?"

त्यांनी शेताकडे बोट दाखवलं. "ये. ये मेरे हिसाब से हो रहा है."

"तो हिसाब ग़लत है?"

"हिसाब सही है, साहब. मतलब मैंने ग़लत निकाला."

अमीन हसला. तहसीलदार हसले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि माणसं जागच्या जागी थांबली. मग बसवंतरावांनी तिथेच ढेकळांवर बसून, शिंपलेलं बोंड आणि धुतलेलं बोंड शेजारी ठेवून, उभ्या पऱ्हाटीचं आणि उपटलेल्या पऱ्हाटीचं बोंड तहसीलदारांच्या हातानेच निवडून घेऊन, एकेक सरकी विंचरून दाखवली. पट्टी चतुराबाईने धरली. शिंपलेल्याचा धागा फणीत तुटला. बाकी सगळ्यांचा लांब निघाला. कोपऱ्यातले पाच चुन्याचे दगड तहसीलदार स्वतः जाऊन पाहून आले. तिथल्या पऱ्हाटीच्या पानांवर दह्याचे पांढरे डाग अजून वाळलेले होते.

परत येऊन त्यांनी हुकूम मागे घेतला, चंद्रभानला सोडून दिलं. नमुना कुणी नेला होता ते विचारून घेतलं, कागदावर लिहून घेतलं, आणि बसवंतरावांना म्हणाले की आता जे होईल ते तुमच्या खात्यातही होईल. बसवंतरावांनी मान हलवली. त्यांना त्याची भीती वाटलीच, पण ती आता रांगेत बरीच मागे उभी होती.

तहसीलदार आणि अमीन घोड्यांवरून निघून गेले. उपटायला आलेली माणसं, त्यात गावातलीच निम्मी, नजर चुकवून पांगली. चंद्रभान अजून ढेकळावरच उभा होता. बसवंतराव त्याच्याजवळ गेले. क्षमा मागायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं.

"साधा कापूस द्यायचा व्हता. शेतात कुटूनबी वेचून. द्येवाचा कामून दिला?"

"भेव वाटलं, साहेब," चंद्रभान म्हणाला. "साध्यात काई खोट निघाली तर? म्हून मायनं नको म्हनलं तरी देव्हाऱ्यातून काढून दिला." मग त्याने पहिल्यांदा मान वर केली. "आन तुमी? मालकीन रोज तुमच्या फाटकाला बसायली व्हती म्हनं. येकडाव इचारलं असतं, बाई, कामून आलीस?"

बसवंतरावांना कलकत्त्याची विद्या आठवली नाही, दौऱ्याची सबब आठवली नाही.

"मलाबी भेवच वाटलं," ते म्हणाले.

चंद्रभानने मान हलवली. रागावला नाही, त्याला ते समजलं. तो रागावला असता तर बसवंतरावांना बरं वाटलं असतं.

चतुराबाई केव्हाच पदर खोचून उपटलेल्या ढिगांपाशी बसली होती. आडव्या पडलेल्या पऱ्हाटीवरचा फुटलेला कापूस माती लागायच्या आत वेचत होती. बसवंतराव तिच्याशेजारी बसले. उपरणं पसरलं आणि तेही वेचू लागले. त्यांना वेचता येत नव्हतं. बोंडाची टोकं बोटात शिरत होती. हाताला येईल ते ते उपरण्यात टाकत होते, पांढरं टाकत होते आणि हिरवंही टाकत होते. हिरवी बोंडंच जास्त होती. दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीची, अजून घट्ट मिटलेली.

चतुराबाईने त्यांच्या उपरण्यात हात घातला आणि एकेक हिरवं बोंड काढून बाजूला टाकू लागली.

"ही ऱ्हाऊ द्या, साहेब," ती म्हणाली. "ही न्हाई फुटायची आता."